जस्त झिजते, लोखंड वाचते

घुग्घुस, माजरी, बल्लारपूरच्या कोळसा पट्ट्यात आणि आलापल्ली, एटापल्ली, भामरागडकडच्या जंगलातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांचा तळ पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ ओलाच असतो. चेसीच्या कोपऱ्यांत चिखल साचतो, त्यात कोळशाची भुकटी किंवा सुरजागडच्या लोहखनिजाची लाल धूळ मिसळते. वर चकचकीत दिसणारा ट्रक पावसाळ्यानंतर गॅरेजमध्ये उचलला की खालचे चित्र वेगळेच असते. पाट्यांच्या कड्यांजवळ, बोल्टभोवती, दगड लागून रंग उडालेल्या जागी तांबूस पोपडे आलेले असतात. मिस्त्री तारेचा ब्रश फिरवतो आणि तेवढ्या जागेवर नवा प्रायमर लावतो. कोणी नेहमीचा रेड ऑक्साइड लावतो, कोणी जस्ताची पूड असलेला करडा प्रायमर.

या करड्या प्रायमरमागचे तत्त्व सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जहाजांसाठी मांडले गेले. ते मांडणारा माणूस मराठी वाचकाला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे, पण वेगळ्या कारणाने. कोळशाच्या खाणीतला सुरक्षा दिवा तयार करणारा तो हाच, सर हंफ्री डेव्ही. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या जिल्ह्यात त्याचे नाव दोन्ही अंगांनी जवळचे आहे. त्याचा दिवा आणि त्याचे जस्त, या दोन्ही गोष्टींचा पुढे जो प्रवास झाला, त्यातून संरक्षणाचा थर एकदा लावून विसरता येत नाही हे फार स्पष्ट दिसते.

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्स गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करत. पाच भावंडांत हंफ्री सर्वांत मोठा. तो सोळा वर्षांचा असताना वडील वारले आणि मागे कर्ज राहिले. घरच्या ओढगस्तीमुळे १७९५ मध्ये त्याला गावातल्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. औषधे खलताना, काढे उकळताना त्याला रसायनांची गोडी लागली. कॉलेजचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. पुस्तके मिळवून वाचणे आणि हाताशी असेल त्या भांड्यात प्रयोग करणे, एवढेच त्याचे शिक्षण.

कॉर्नवॉल हा कथील आणि तांब्याच्या खाणींचा मुलूख. तिथल्या हेल बंदरातल्या पाण्याच्या दरवाजांची एक गोष्ट डेव्हीच्या चरित्रात सांगितली जाते. त्या दरवाजांत तांबे आणि लोखंड एकमेकांना चिकटून होते आणि समुद्राच्या पाण्यात लोखंड विलक्षण वेगाने खाल्ले जात होते. असे का होते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पोरवयात पाहिलेला हा प्रकार डेव्हीच्या डोक्यात राहिला आणि तीसेक वर्षांनी उपयोगी पडला.

१७९८ मध्ये, विसाव्या वर्षी, तो ब्रिस्टलला डॉ. थॉमस बेडोज यांच्या संस्थेत गेला. निरनिराळे वायू हुंगवून क्षयासारखे आजार बरे करता येतील का, हे तिथे तपासले जात असे. डेव्हीने हे वायू आधी स्वतःवर वापरून पाहिले. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला पुढे हास्यवायू म्हटले गेले, तो त्याने अनेकदा ओढला आणि त्यामुळे दुखणे कमी होते हे त्याच्या ध्यानात आले. १८०० मध्ये छापलेल्या पुस्तकात शस्त्रक्रियेच्या वेळी हा वायू उपयोगी पडू शकेल असे त्याने नोंदवले. त्या नोंदीकडे चाळीसहून अधिक वर्षे कोणी पाहिले नाही. तोवर रुग्णांना बांधून, शुद्धीत असतानाच कापले जात होते. याच काळात कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू ओढून तो मरता मरता वाचला. बंद खोलीत शेगडी पेटवल्यावर जीव घेतो, तोच हा वायू.

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. बोलणे रसाळ, प्रयोग डोळ्यांसमोर करून दाखवण्याची हातोटी. त्याच्या व्याख्यानांना लंडनमधले प्रतिष्ठित लोक गर्दी करू लागले. नुकताच इटलीच्या व्होल्टाने विजेचा घट बनवला होता. दोन वेगवेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी, एवढ्यावर वीज वाहू लागते हे त्यातून कळले. डेव्हीने या घटांची मोठी रांग लावली आणि वितळलेल्या क्षारांतून वीज सोडली. १८०७ मध्ये त्याला पोटॅशियम आणि सोडियम हे धातू मिळाले. पुढच्या वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम मिळाले. रासायनिक बदल आणि वीज ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, ही त्याची खात्री इथे पक्की झाली.

१८१२ हे वर्ष त्याच्या आयुष्यात उलथापालथीचे ठरले. त्याला सरदारकी मिळाली, लग्न झाले आणि त्याच वर्षी नायट्रोजन ट्रायक्लोराइड या स्फोटक द्रव्याने त्याच्या डोळ्याला इजा केली. लिहायला मदतनीस हवा म्हणून बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेल्या एका तरुणाला त्याने हाताशी घेतले. तो मायकेल फॅरडे. पुढे फॅरडेचे नाव गुरूइतकेच मोठे झाले. १८२४ मध्ये फॅरडेला रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले तेव्हा अध्यक्षपदी डेव्हीच होता आणि त्याचा या निवडीला विरोध होता. मोठ्या माणसाच्या स्वभावातली ही बारीक तड त्याच्या चरित्रकारांनी लपवलेली नाही.

त्याच १८१२ सालच्या मे महिन्यात इंग्लंडच्या ईशान्येकडे फेलिंग येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे आणि मुले मेली. कोळशाच्या थरातून मिथेन वायू सुटतो. हवेत तो ठरावीक प्रमाणात मिसळला आणि त्याला ज्योत लागली की स्फोट होतो. खाणकामगाराला उजेड तर हवा आणि उजेड म्हणजे त्या काळी उघडी ज्योत. १८१५ मध्ये डेव्हीकडे हा प्रश्न आला. त्याने खाणीतला वायू बाटल्यांत भरून मागवला आणि काही आठवड्यांत उत्तर काढले. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली तर वायू आत येतो, आत जळतो, पण ज्योत बाहेर पडू शकत नाही. कारण धातूची जाळी उष्णता शोषून घेते आणि बाहेरचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. एका चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेली जाळी त्याने वापरली. १८१६ च्या सुरुवातीला दिवा खाणीत उतरला. डेव्हीने त्याचे पेटंट घेतले नाही. कामगारांचे जीव वाचवणाऱ्या वस्तूवर पैसा मिळवायचा नाही, ही त्याची भूमिका होती. याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सननेही स्वतंत्रपणे असा दिवा केला होता आणि पहिला मान कोणाचा यावरून दोन्ही बाजूंत कडवट वाद झाला.

दिवा आला तरी स्फोट थांबले नाहीत. याची कारणे आजही खाण सुरक्षेच्या प्रशिक्षणात सांगण्याजोगी आहेत. दिवा हाती आल्यावर मालकांनी पूर्वी धोक्याच्या म्हणून बंद ठेवलेल्या वायूच्या खाणी उघडल्या. जाळीतून उजेड मंद पडतो म्हणून कामगार जाळी काढून काम करत. हवेचा जोराचा झोत ज्योतीला जाळीबाहेर ढकलू शके. आणि एक कारण अगदी साधे होते. खाणीतल्या दमट हवेत तार गंजत असे. एखादी तार गंजून तुटली की ७८४ छिद्रांच्या जाळीत एक मोठे भोक पडे आणि तेवढे ज्योतीला पुरेसे होई. बाकीची सगळी जाळी शाबूत असून उपयोग नसे. म्हणून पुढे प्रत्येक पाळीआधी दिवा तपासून, कुलूप लावून देण्याची पद्धत खाणींत रुजली. नंतर उजेडासाठी बॅटरीचे टोपी-दिवे आले, पण ज्योतीचा सुरक्षा दिवा वायू ओळखण्याचे साधन म्हणून दीर्घकाळ खाणीत टिकला.

१८२० मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. तीन वर्षांनी ब्रिटिश आरमाराने एक अडचण सोसायटीपुढे ठेवली. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. त्यामुळे लाकूड पोखरणारे सागरी किडे आणि तळाला चिकटणाऱ्या शिंपल्या दूर राहत. पण खाऱ्या पाण्यात तांबे झिजत जाई आणि पत्रे वारंवार बदलावे लागत. खर्च अफाट होता.

डेव्हीला हेल बंदराचे दरवाजे आणि व्होल्टाचा घट एकत्र आठवले असावेत, असे त्याचे काम पाहून वाटते. खाऱ्या पाण्यात दोन धातू जोडलेले असले तर त्यांचा आपोआप घट बनतो. त्यातला जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो विरघळतो आणि दुसरा वाचतो. दरवाजांत तांबे वाचत होते आणि लोखंड झिजत होते. मग तांब्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा छोटा तुकडा मुद्दाम जोडला तर? १८२४ मध्ये त्याने प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या भागाइतके जस्त किंवा लोखंड जोडले तरी सगळा पत्रा सुरक्षित राहत होता. जस्त झिजत होते आणि तांबे जसेच्या तसे होते. विज्ञानाच्या दृष्टीने यश पूर्ण होते.

आरमाराने उत्साहाने जहाजांवर हे तुकडे बसवले. जहाजे फेरी करून परत आली, तेव्हा तांबे खरोखर शाबूत होते. पण तळावर शैवाल आणि शिंपल्यांचे जंगल उगवले होते आणि जहाजांचा वेग मंदावला होता. कारण शोधणे अवघड नव्हते. तांबे थोडे थोडे विरघळत होते म्हणूनच ते शिंपल्यांना विषारी ठरत होते. झीज थांबली तसे विषही थांबले. १८२५ मध्ये समुद्रात जाणाऱ्या जहाजांवरचे हे तुकडे काढण्याचा हुकूम निघाला. प्रयोगशाळेतल्या भांड्यात शिंपल्या नव्हत्या, म्हणून हा परिणाम आधी दिसला नव्हता. वर्तमानपत्रांनी आणि विरोधकांनी डेव्हीची टर उडवली. हा अपमान त्याच्या मनाला लागला.

त्यानंतर तब्येतही ढासळत गेली. १८२६ च्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्याने अध्यक्षपद सोडले. उरलेला काळ इटली आणि आल्प्सच्या परिसरात हिंडण्यात, मासे गळाला लावण्यात आणि लिहिण्यात गेला. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे त्याचे निधन झाले. वय पन्नास. तरुणपणी ओढलेल्या वायूंनी त्याच्या प्रकृतीवर किती घाला घातला असेल, याची चर्चा पुढे होत राहिली.

जस्ताची कल्पना मात्र मेली नाही. तांब्याऐवजी लोखंड वाचवायचे असेल तर शिंपल्यांची अडचण आड येत नाही. १८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल याने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून काढण्याचे पेटंट घेतले. घराघरांवर दिसणारा जस्ती पत्रा आणि जस्ती बादली ही त्या पद्धतीची अपत्ये. लोखंडी जहाजे आली, तेव्हा त्यांच्या तळाला जस्ताचे ठोकळे पुन्हा बसले, ते आजही बसवले जातात. जमिनीखालच्या पाइपलाइनलाही याच तत्त्वावर संरक्षण मिळते.

ट्रकला मात्र जहाजासारखा जस्ताचा ठोकळा लावून भागत नाही. जहाजाचा तळ सतत पाण्यात असतो आणि पाण्यातूनच घटाचे मंडळ पूर्ण होते. चेसी कधी ओली, कधी कोरडी असते. ओलावा थेंबाएवढ्या जागेत असेल तर दोन फुटांवरचा ठोकळा तिथे पोहोचत नाही. म्हणून जस्त लोखंडाच्या अगदी अंगाला लागून पसरावे लागते. करड्या प्रायमरमध्ये जस्ताची पूड इतकी दाट असते की तिचे कण एकमेकांना आणि लोखंडाला टेकतात. त्यावर बारीक ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त झिजते आणि उघडे पडलेले लोखंड काही काळ वाचते. रेड ऑक्साइडचे काम वेगळे. तो पाणी आणि हवा यांना अडवणारा पडदा आहे. पडदा फाटला की त्या जागी लोखंड एकटे पडते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो शेजारचा चांगला रंगही खालून उचलत जातो. रुपयाएवढ्या डागाचा पुढच्या पावसाळ्यात तळहाताएवढा पोपडा होतो तो असा.

टच-अपच्या कामात नेमके काय सांभाळायचे, तेही याच तत्त्वातून निघते. जस्ताचा प्रायमर जुन्या रंगावर किंवा गंजावर लावला तर जस्ताचा लोखंडाशी संपर्कच होत नाही आणि तो महाग रंग साध्या रंगासारखाच वागतो. म्हणून आधी चिखल धुऊन चेसी पूर्ण वाळवावी. गंज ब्रशने किंवा ग्राइंडरने धातू चमकेपर्यंत काढावा. भोवतालच्या रंगाची कड पॉलिश पेपरने उतरती करावी, तेल आणि ग्रीस पुसावे. उघडे लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होते, त्यामुळे प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले. ते वाळल्यावर वरचा रंग द्यावा. पाणी निघून जाण्यासाठी चेसीला ठेवलेली भोके रंगाने बुजवू नयेत, रबरी बुश आणि ब्रेकचे होज पाइप झाकून घ्यावेत आणि चेसी नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर फिरवू नये. हातोडीने हलके ठोकल्यावर पापुद्रे गळत असतील किंवा भोक पडत असेल तर ते काम रंगाचे उरलेले नाही. तिथे चेसीची ताकद गेलेली असते आणि जाणकाराकडून, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे दुरुस्ती हाच उपाय आहे. अशा जागेवर रंग मारून गाडी भरणे म्हणजे तुटक्या जाळीचा दिवा खाणीत नेणे.

या कामात मिस्त्रीच्या फुप्फुसांचाही विचार हवा. पूर्वी लोखंडाला शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचा, प्रायमर लावत. जुन्या गाड्यांवर, पुलांवर आणि फाटकांवर तो अजून असू शकतो. तो कोरडा घासला की शिशाची धूळ श्वासावाटे आणि हातांवाटे पोटात जाते. शिसे रक्त, मेंदू आणि मूत्रपिंडांना बाधते, लहान मुलांना सर्वांत जास्त. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे असा नियम २०१७ पासून लागू आहे, पण औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत. जुना लाल थर ओला करून घासावा, धुळीसाठीचा योग्य मास्क वापरावा, जेवणाआधी हात-तोंड धुवावे आणि कामाचे कपडे घरात मुलांजवळ नेऊ नयेत. थिनरची वाफ बंद गॅरेजमध्ये साचू देऊ नये. जस्त लावलेल्या भागावर वेल्डिंग करायचे असेल तर तिथले जस्त आधी घासून काढावे. जस्ताचा धूर हुंगला की काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी आणि तोंडाला धातूची चव येते. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण तो फ्लू समजून पुन्हा त्याच धुरात काम करणे शहाणपणाचे नाही. धाप लागत असेल तर डॉक्टरांना जस्ताच्या धुराचा संबंध स्पष्ट सांगावा.

वायू स्वतः ओढून पाहणाऱ्या डेव्हीकडे मास्क नव्हता आणि धोक्याची माहितीही नव्हती. आजच्या गॅरेजमध्ये दोन्ही आहेत. त्याच्या दिव्याने खाणींना प्रत्येक पाळीआधी जाळी तपासायची सवय लावली. चेसीसाठी तेवढी वारंवार तपासणी लागत नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा गाडीखाली बॅटरी घेऊन नीट पाहिले, उडालेला रंग दिसेल तिथे त्याच आठवड्यात जस्त चढवले, तर जंगलातल्या चिखलातही लोखंड बरीच वर्षे साथ देते.